दोन लाख किलोमीटर टिकणारा टायमिंग बेल्ट त्याआधीच का तुटतो? डिझेल इंजिनातल्या वाढत्या गुंतागुंतीची गोष्ट

सेकंडहँड डिझेल गाडी बघायला गेलं की लोक टायर बघतात, दरवाजे आपटून बघतात, मीटर मागे फिरवलंय का अशी शंका घेतात. जरा सावध माणूस असेल तर ओळखीचा मेकॅनिक सोबत नेतो. तो बॉनेट उघडतो, डिपस्टिक ओढून ऑइल बोटावर चोळतो, रेस करून धूर बघतो आणि "गाडी चांगलीय" म्हणतो. टायमिंग बेल्ट कधी बदलला होता, हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात. विचारलाच तर समोरून बरेचदा उत्तर येतं, "त्याला काय होत नाही, लाँग लाइफ बेल्ट आहे."

आणि मग सहा महिन्यांनी हायवेवर गाडी आवाज न करता बंद पडते. सेल्फ मारला तर स्टार्टर नेहमीपेक्षा हलका, भरभर फिरतो, पण इंजिन काही पकडत नाही. गॅरेजवाला हेड खोलतो आणि सांगतो, वॉल्व्ह वाकलेत, पिस्टनवर खड्डे पडलेत. खर्चाचा आकडा ऐकल्यावर गाडी दुरुस्त करायची की भंगारात द्यायची, यावर घरात चर्चा सुरू होते.

ज्या पट्ट्याचं आयुष्य कंपनी दोन लाख किलोमीटर सांगते तो ऐंशी हजारांत कसा तुटतो? यात बेल्टचा दोष किती आणि त्याच्याभोवती बदलत गेलेल्या इंजिनाचा किती?

आधी बेल्टचं काम काय ते बघू

इंजिनात खाली क्रँकशाफ्ट असतो, पिस्टन त्याला जोडलेले असतात. वर हेडमध्ये कॅमशाफ्ट असतो, तो वॉल्व्ह उघडतो आणि मिटतो. फोर स्ट्रोक इंजिनात क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक व्हायला हवा. अगदी एकच, ना कमी ना जास्त. हा हिशेब सांभाळणाऱ्या दातेरी पट्ट्याला टायमिंग बेल्ट म्हणतात. कुठे त्याच्या जागी चेन असते, तर ट्रकसारख्या मोठ्या इंजिनांत सहसा गिअर असतात.

गाडी २,००० आरपीएमवर निवांत चालली असेल तरी क्रँक सेकंदाला ३३ फेरे मारतो. म्हणजे प्रत्येक वॉल्व्ह सेकंदाला सोळा-सतरा वेळा उघडतो आणि मिटतो. बेल्ट एक-दोन दात जरी सरकला तरी वॉल्व्ह उघडण्याची वेळ चुकते. पूर्ण तुटला तर कॅम जागच्या जागी थांबतो, काही वॉल्व्ह उघडे लटकलेले राहतात, आणि गाडीच्या वेगामुळे क्रँक अजून फिरतच असतो. पिस्टन वर येऊन वॉल्व्हवर आदळतो.

सगळ्याच इंजिनांत असं होत नाही. कित्येक जुन्या पेट्रोल इंजिनांत बेल्ट तुटला की गाडी फक्त बंद पडायची. नवा बेल्ट टाकला, टायमिंग लावलं, की पुन्हा सुरू. डिझेलला ही सवलत मिळत नाही. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. हवा इतकी दाबायची की ती स्वतःच ५०० अंशांच्या पुढे तापली पाहिजे, मग त्यात डिझेल फवारलं की पेट घेतं. हवा एवढी दाबायची तर पिस्टन वर आल्यावर हेडखाली जागाच उरता कामा नये. म्हणून आजच्या डिझेल कारमध्ये हेड खालून सपाट असतं, वॉल्व्ह उभे असतात आणि जाळ होण्यासाठीची वाटी पिस्टनच्या डोक्यात कोरलेली असते. वर आलेला पिस्टन आणि मिटलेला वॉल्व्ह यांच्यात अगदी थोडी फट राहते. वॉल्व्ह उघडा राहिला तर त्याला पळायला जागा नसते.

म्हणून डिझेलवाल्याला टायमिंग बेल्टचं वेळापत्रक पेट्रोलवाल्यापेक्षा जास्त काटेकोरपणे पाळावं लागतं.

शिवणयंत्रातून गाडीत

दातेरी रबरी पट्टा मुळात गाडीसाठी बनलाच नव्हता. १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या गिल्मर कंपनीत तो तयार झाला, सिंगरच्या शिवणयंत्रासाठी. वरची सुई आणि खालची बॉबिन यांची वेळ जुळली नाही तर टाका पडत नाही. साधा पट्टा घसरतो, म्हणून दाते असलेला पट्टा. घरी आजीचं मशीन असेल तर सुई आणि बॉबिनचं हे नातं सांगायला नको. इंजिनातलं क्रँक आणि कॅमचं नातंही तसंच आहे.

टायमिंग बेल्ट घेऊन मोठ्या संख्येनं बनलेली पहिली कार १९६२ मध्ये जर्मनीत आली, ग्लास १००४. ही ग्लास कंपनी आधी पेरणीयंत्रं बनवायची, नंतर छोट्या मोटारी बनवू लागली आणि १९६६ मध्ये बीएमडब्ल्यूनं ती विकत घेतली. त्याच वर्षी फियाटनं आपल्या ट्विन कॅम इंजिनात बेल्ट आणला आणि मग युरोपात त्याची लाटच आली. कारण साधं होतं. चेनपेक्षा बेल्ट स्वस्त, हलका आणि शांत. त्याला तेलाची गरज नाही, त्यामुळे इंजिनाच्या बाहेरच्या बाजूला प्लॅस्टिकच्या झाकणाखाली बसवता येतो. १९७६ मध्ये फोक्सवॅगननं गोल्फ डिझेल आणली. तिच्यात कॅम आणि डिझेल पंप दोन्ही एकाच बेल्टवर फिरत होते.

महाराष्ट्राचाही या बेल्टशी जुना संबंध आहे. नव्वदच्या दशकात कल्याणजवळच्या प्रीमियरच्या कारखान्यात बनलेल्या प्यूजो ३०९ डिझेलला टायमिंग बेल्ट होता. तेच १.५ लिटरचं प्यूजो इंजिन मारुतीनं झेन आणि एस्टीम डिझेलमध्ये टाकलं. १९९८ च्या अखेरीस पुण्यातून टाटाची इंडिका आली आणि तिनं टॅक्सीचं मार्केट व्यापलं. इंडिकाचा बेल्ट वेळेवर बदलायचा असतो हे त्या काळच्या टॅक्सीवाल्यांना तोंडपाठ असायचं, कारण ज्यानं टाळलं त्याचं काय झालं ते स्टँडवर सगळ्यांना ठाऊक असे. मग नाशिकच्या महिंद्राच्या कारखान्यातून २००७ मध्ये लोगान आली, रेनोचं १.५ डीसीआय इंजिन घेऊन. पुढे डस्टरमध्येही तेच इंजिन आलं. यालाही बेल्टच.

इनोव्हाच्या जुन्या २.५ लिटर डिझेलमध्ये तर टोयोटानं डॅशबोर्डवर 'टी-बेल्ट' असा वेगळा दिवा दिला होता. ठरलेले किलोमीटर झाले की तो लागतो. पण हा दिवा बेल्ट तपासत नाही, तो फक्त किलोमीटर मोजतो. बेल्ट न बदलताही तो रीसेट करता येतो, आणि सेकंडहँड गाडी घेणाऱ्यानं हे लक्षात ठेवलेलं बरं.

'लाँग लाइफ' आलं कुठून?

सुरुवातीचे बेल्ट निओप्रीन रबराचे होते. इंजिनाच्या उष्णतेत ते कडक होत, पाठीवर भेगा पडत. म्हणून ६० हजार किलोमीटरच्या आसपास बदला, असं बहुतेक कंपन्या सांगायच्या. त्या काळचा मेकॅनिक झाकण काढून बेल्ट उलटा वाकवून भेगा बघायचा आणि त्याचा अंदाज बहुधा बरोबर यायचा.

नंतर एचएनबीआर नावाचं रबर आलं. नायट्राइल रबरावर हायड्रोजनची प्रक्रिया करून ते बनवतात. ते जास्त उष्णता सोसतं आणि तेलाचा शिंतोडाही बऱ्यापैकी झेलतं. आतमध्ये काचतंतूंच्या दोऱ्या असतात, ताण खरा त्या घेतात. दातांवर नायलॉनचं कापड असतं. दातांचा आकारही बदलला. आधी ते कडेला सरळ, चौकोनी वळणाचे होते, मग गोलसर झाले, त्यामुळे ताण दाताच्या मुळाशी एकवटत नाही. ताण देणारा टेन्शनर हातानं सेट करावा लागायचा, तो आपोआप जुळवून घेणारा झाला.

या सगळ्याचा परिणाम मोठा झाला. फोक्सवॅगनच्या ईए२८८ मालिकेतल्या डिझेल इंजिनांना युरोपात २,१०,००० किलोमीटरचं अंतर दिलं गेलं. फोर्डनं १.० लिटर इकोबूस्ट या पेट्रोल इंजिनाच्या बेल्टला २,४०,००० किलोमीटर किंवा १० वर्षं सांगितली. सामान्य युरोपीय माणूस वर्षाला १२-१५ हजार किलोमीटर चालवतो असं धरलं, तर पहिल्या मालकाला बेल्टचं बिल कधी येतच नाही. गाडीच्या 'मेंटेनन्स कॉस्ट'च्या जाहिरातीत हा आकडा फार छान दिसतो. बिल येतं ते दुसऱ्या किंवा तिसऱ्या मालकाला.

यात एक तोटाही झाला, त्याची चर्चा कमी होते. नव्या रबराचा बेल्ट वरून बघून कळत नाही. जुना निओप्रीनचा बेल्ट मरायच्या आधी भेगा दाखवायचा. एचएनबीआरचा बेल्ट शेवटपर्यंत ठीकठाक दिसू शकतो आणि मग दाताच्या मुळाशी किंवा आतल्या दोरीत बिघडतो. "बघितला, अजून चांगलाय" हे वाक्य त्यामुळे आज फारसं कामाचं नाही. किलोमीटर आणि वर्षं मोजणं हाच भरवशाचा मार्ग.

किलोमीटर फसवतात

आता गणित करून बघा. एखादी गाडी सरासरी ताशी ४० किलोमीटरनं चालली, तर एक लाख किलोमीटरला २,५०० तास लागतात. इंजिन सरासरी १,८०० आरपीएमवर धरलं तर क्रँकचे २७ कोटी फेरे झाले. तीच गाडी मुंबई-पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये सरासरी ताशी २० किलोमीटरनं चालली तर ५,००० तास लागतात. सिग्नलला उभी राहून सरासरी आरपीएम १,२०० पर्यंत खाली आलं असं धरलं, तरी फेरे ३६ कोटी होतात. मीटरवर आकडा तोच, एक लाख. बेल्टनं काम मात्र तिसऱ्या हिश्श्यानं जास्त केलं आणि गरम बॉनेटखाली दुप्पट तास काढले.

त्यात धूळ आणि उन्हाळा मिळवा. कित्येक कंपन्या मॅन्युअलमध्ये 'कठीण परिस्थिती' असा वेगळा रकाना ठेवतात, त्यात धूळ, सतत थांबत चालणं, जास्त उष्णता यांसाठी कमी अंतर दिलेलं असतं. आपल्याकडची बहुतेक शहरी गाडी त्याच रकान्यात बसते. युरोपचा २,१०,००० चा आकडा यूट्यूबवर बघून विदर्भातल्या मे महिन्यात गाडी चालवणाऱ्यानं तो स्वतःला लावून घेऊ नये. आपल्या देशातलं, आपल्या मॉडेलचं मॅन्युअल काय म्हणतं तेच धरावं.

आणि वर्षं. गाडी दारात उभी राहिली तरी रबर म्हातारं होतं. दहा वर्षांत चाळीस हजार चाललेली 'एकहाती, डॉक्टरांची गाडी' हा सेकंडहँड बाजारातला लाडका माल आहे. तिचा बेल्ट किलोमीटरनं तरुण असतो, वयानं नाही.

बेल्टवरचं ओझं वाढत गेलं

पूर्वी डिझेल पंप यांत्रिक असायचा. कोणत्या क्षणी किती डिझेल फवारायचं हे तोच ठरवायचा, त्यामुळे त्याचंही टायमिंग बेल्टवर अवलंबून असे. १९९७ मध्ये अल्फा रोमिओ १५६ ही कॉमन रेल डिझेल असलेली पहिली कार आली. फियाटच्या गटानं हे तंत्र विकसित केलं आणि उत्पादनासाठी ते बॉशकडे गेलं. यात पंप फक्त दाब तयार करतो, कधी फवारायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. आता तो दाब २,००० बारच्या घरात पोचलाय. कारच्या टायरमधल्या हवेच्या सुमारे नऊशे पट. कित्येक इंजिनांत तो पंप फिरवण्याचं कामही टायमिंग बेल्टकडेच असतं.

मधल्या काळात फोक्सवॅगननं 'पंप-ड्यूझ' नावाचा वेगळा रस्ता धरला. प्रत्येक इंजेक्टरला स्वतःचा छोटा पंप, आणि तो दाबायचा कॅमशाफ्टनं. म्हणजे प्रत्येक फवाऱ्याला बेल्टला हिसका. तो सोसावा म्हणून बेल्ट ३० मिलिमीटर रुंद केला, क्रँकच्या दातचक्रात दोन ठिकाणी दातांमधली जागा मुद्दाम मोठी ठेवली, म्हणजे नेमक्या हिसक्याच्या क्षणी दात घासू नयेत. औरंगाबादजवळ, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याच्या कारखान्यात जुळणी झालेल्या स्कोडा लॉराच्या १.९ लिटर डिझेलमध्ये हेच तंत्र होतं. लॉराच्या मालकाला कुणी "साधा बेल्ट टाकतो, स्वस्तात होईल" म्हणालं तर त्यानं नको म्हणण्यामागे एवढं कारण आहे.

तेलात बुडालेला बेल्ट

इथून गोष्ट खरी गुंतागुंतीची होते.

रबर आणि तेल यांचं वैर हे गॅरेजमधलं पहिलं शिक्षण. ऑइल सील गळून बेल्टवर तेल आलं की बेल्ट बदलायचा, हा नियम. २००० च्या दशकाच्या अखेरीस फोर्डच्या १.८ लिटर टीडीसीआय डिझेलमध्ये याच्या उलट झालं. आधी जिथे चेन होती तिथे, इंजिनाच्या आत, तेलात चालणारा बेल्ट आला. याला 'वेट बेल्ट' म्हणतात. पुढे २०१२ मध्ये फोर्डचं १.० इकोबूस्ट आणि प्यूजो-सिट्रोएनचं १.२ प्युअरटेक ही पेट्रोल इंजिनं, आणि २०१६ मध्ये फोर्डचं २.० लिटर इकोब्लू डिझेल याच पद्धतीनं आलं.

असं करायची गरज का पडली? युरोपात कंपनीच्या सगळ्या नव्या गाड्यांची सरासरी किलोमीटरला ९५ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, अशी मर्यादा आली. ओलांडली तर दर ग्रॅममागे, दर गाडीमागे ९५ युरो दंड. लाखो गाड्या विकणाऱ्या कंपनीसाठी एकेक ग्रॅम म्हणजे प्रचंड रक्कम. तेलात चालणारा बेल्ट कमी घर्षण करतो, अरुंद करता येतो, चेनपेक्षा शांत चालतो. इंजिनाची लांबीही वाचते. कागदावर यात तोटा काही दिसत नव्हता.

तोटा तेलात होता. वेट बेल्टचं रबर एका ठरावीक तेलासाठी बनवलेलं असतं. इकोबूस्टसाठी फोर्डनं स्वतःच्या मानकाचं ५डब्ल्यू-२० तेल सांगितलं. बाहेरच्या गॅरेजमध्ये "चांगल्यातलं" म्हणून दुसरंच तेल पडलं, तर ते इंजिनाला चालेल, पण पट्ट्याला चालेलच असं नाही. शिवाय तेल शुद्ध राहत नाही. त्यात न जळालेलं इंधन मिसळतं. रबर फुगतं, मऊ होतं, त्याचे कण सुटतात आणि खाली ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात. जाळी तुंबली की ऑइलचा दाब पडतो. म्हणजे बेल्ट न तुटताही इंजिन जातं, टर्बो जातो.

प्युअरटेकमध्ये हे कण ब्रेकच्या व्हॅक्यूम पंपापर्यंत पोचल्याच्या तक्रारी आल्या. रिकॉल झाले. शेवटी स्टेलांटिसनं या इंजिनांसाठी १० वर्षं किंवा १,७५,००० किलोमीटरपर्यंत वॉरंटी वाढवली आणि नव्या पिढीच्या इंजिनात बेल्ट काढून चेन बसवली. अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये फोर्डनं १.० इकोबूस्टवाल्या एक लाखाहून जास्त इकोस्पोर्ट आणि फोकस परत बोलावल्या, ऑइल पंप फिरवणाऱ्या बेल्टच्या टेन्शनरवरून. आपल्याकडेही इकोस्पोर्ट २०१३ पासून या इंजिनासह विकली गेली होती आणि त्यातल्या गाड्या अजून रस्त्यावर आहेत.

ही उदाहरणं पेट्रोलची आहेत, पण डिझेलमध्ये तेलात इंधन मिसळायला आणखी एक कारण आहे. ते म्हणजे डीपीएफ.

बीएस-६ आणि वाढणारं ऑइल

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झालं. डिझेल कारच्या धुरातल्या काजळीच्या कणांची मर्यादा बीएस-४ मध्ये किलोमीटरला २५ मिलिग्रॅम होती, ती ४.५ वर आली. नायट्रोजन ऑक्साइडची २५० वरून ८० वर. हे साधायला एक्झॉस्टमध्ये एक छोटा कारखानाच बसवावा लागला. ईजीआर धुराचा काही भाग परत इंजिनात पाठवतो, डीपीएफ काजळी अडवतो, आणि नायट्रोजन ऑक्साइडसाठी कुठे एलएनटी, तर कुठे युरियाचं द्रावण फवारणारं एससीआर.

डीपीएफ भरला की तो जाळून साफ करावा लागतो. त्यासाठी सुमारे ६०० अंश तापमान लागतं. ते मिळवायला अनेक गाड्यांत कॉम्प्युटर मुख्य फवाऱ्यानंतर उशिरा आणखी डिझेल सिलिंडरमध्ये सोडतो. हे डिझेल शक्तीसाठी नसतं, ते एक्झॉस्टमध्ये जाऊन पेटावं अशी अपेक्षा असते. पण त्यातलं थोडं सिलिंडरच्या भिंतीला लागतं, रिंगांच्या फटीतून खाली उतरतं आणि ऑइलमध्ये मिसळतं. हायवेवर नीट अर्धा तास गाडी चालली तर साफसफाई पूर्ण होते. रोज मुलांना शाळेत सोडून चार किलोमीटरवर ऑफिस असेल तर ती दरवेळी अर्धवट राहते, पुन्हा सुरू होते, पुन्हा डिझेल खाली उतरतं.

म्हणून काही बीएस-६ मालकांना एक विचित्र गोष्ट दिसते. डिपस्टिकवर ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढलेलं असतं. हे फुकटचं ऑइल नाही. ते पातळ झालेलं, डिझेल मिसळलेलं ऑइल आहे. चेन असेल तर ती लवकर झिजते. तेलातला बेल्ट असेल तर त्याच्या रबरावर घाला पडतो. धूर स्वच्छ करायचा उपाय टायमिंगच्या मुळावर येतो तो असा. शहरातल्या छोट्या फेऱ्यांसाठी डिझेल घेऊ नका असं जाणकार सांगतात त्याचं हे एक मोठं कारण आहे.

मग चेन घ्यावी का?

सोपं उत्तर मिळालं असतं तर बरं झालं असतं. चेन आयुष्यभर टिकते, असा समज आहे. बीएमडब्ल्यूचं एन४७ हे दोन लिटरचं डिझेल चेनवरच होतं. २००७ नंतरच्या काही वर्षांतल्या इंजिनांच्या चेन झिजून तुटल्या आणि ती चेन इंजिनाच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे होती. म्हणजे चेन बदलायची तर इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवा.

भारतात गमतीनं 'राष्ट्रीय इंजिन' म्हटलं जाणारं फियाटचं १.३ मल्टिजेटही चेनवरच. स्विफ्टपासून इंडिका व्हिस्टापर्यंत कितीतरी गाड्यांत ते होतं, पुण्याजवळच्या रांजणगावच्या कारखान्यातही ते बनायचं. या इंजिनात चेनचा ताण ऑइलच्या दाबावर चालणारा टेन्शनर सांभाळतो. ऑइल वेळेवर बदललं तर चेन लाखो किलोमीटर जाते. ऑइल बदलायचं टाळलं तर थंड इंजिन सुरू करताना खडखड ऐकू येते. चेनचा हा एक गुण मानावा लागेल, ती मरायच्या आधी बऱ्याचदा ओरडते. बेल्ट बहुधा गुपचूप जातो.

टोयोटानं २०१६ च्या इनोव्हा क्रिस्टात २.४ लिटरच्या नव्या इंजिनाला चेन दिली, जुन्या २.५ ला बेल्ट होता. याउलट जनरल मोटर्सनं ३.० लिटर ड्युरामॅक्स डिझेलमध्ये कॅमसाठी चेन ठेवली, पण ऑइल पंपासाठी तेलात चालणारा बेल्ट बसवला, तोही इंजिनाच्या मागे. दीड लाख मैलांनी, म्हणजे साधारण २,४०,००० किलोमीटरला तो बदलायचा आणि त्यासाठी गिअरबॉक्स उतरवायचा. ओरड झाल्यावर पुढच्या आवृत्तीत हे अंतर दोन लाख मैल केलं. फोक्सवॅगनच्या ईए२८८ मध्येही बाहेर कोरडा टायमिंग बेल्ट आणि आत, ऑइल चेंबरमध्ये, पंपासाठी दुसरा ओला बेल्ट अशी जोडी आहे. त्यामुळे "गाडीला चेन आहे की बेल्ट?" या प्रश्नाचं आजचं उत्तर "दोन्ही" असू शकतं.

गाडी आहे किंवा घ्यायची आहे, तर

२०२० च्या आसपास मारुती, रेनो, स्कोडा आणि फोक्सवॅगननं भारतात छोट्या डिझेल गाड्या बंद केल्या. फोर्डनं २०२१ मध्ये इथलं उत्पादनच थांबवायचं जाहीर केलं. या गाड्या आता दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे आहेत. दिल्ली-एनसीआरमध्ये दहा वर्षांच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या गाड्याही कमी किमतीत इतर राज्यांत विकायला येतात. म्हणजे बेल्टचं वय नेमकं संपत आलेल्या गाड्या बाजारात भरपूर आहेत.

अशी गाडी घेताना बेल्ट बदलल्याचं बिल मागावं. तोंडी शब्द किंवा बॉनेटखाली चिकटवलेलं स्टिकर पुरेसं नाही, बिलावर तारीख, किलोमीटर आणि पार्ट नंबर असतो. बिल नसेल तर बेल्ट बदललेलाच नाही असं धरून गाडीच्या किमतीत तो खर्च वजा करावा आणि घेतल्या घेतल्या काम करून टाकावं.

काम करताना नुसता बेल्ट बदलू नये. टेन्शनर आणि आयडलर पुली त्याच्याइतक्याच चाललेल्या असतात. त्यांचं बेअरिंग जाम झालं तर नवा बेल्टही जळतो. अनेक इंजिनांत वॉटर पंपही त्याच बेल्टवर फिरतो, तो जुना ठेवला आणि वर्षभरात गळला तर सगळं पुन्हा उघडावं लागतं. म्हणून कंपन्या पूर्ण किट विकतात. बाहेरचा अल्टरनेटरचा पट्टाही त्याच वेळी बदलावा. तो तुटून त्याचे धागे टायमिंगच्या झाकणात शिरले आणि चांगला टायमिंग बेल्ट उडवून गेले, असं घडतं. कॅम आणि क्रँकचे ऑइल सील ओलसर दिसले तर तेही बदलावेत.

बेल्ट लावताना क्रँक आणि कॅमला जागेवर धरून ठेवायच्या पिना आणि टूल असतात. व्हाइटनरनं खुणा करून काम उरकणारा मेकॅनिक जुन्या इंजिनात खपून जायचा. आताच्या डिझेलमध्ये एक दात चुकला तर क्रँक आणि कॅमचे सेन्सर लगेच तक्रार करतात, आणि नशीब खराब असेल तर पिस्टन करतो. त्यामुळे गॅरेजवाल्याला "लॉकिंग टूल आहे का?" असं सरळ विचारावं. नवा बेल्ट घडी घालून किंवा उलटा दुमडून खिशात आणला असेल तर तो लावू देऊ नये, आतल्या काचतंतूंना ते सोसत नाही.

वेट बेल्ट किंवा डीपीएफवाली गाडी असेल तर ऑइलचा डबा स्वतः बघावा. त्यावर ५डब्ल्यू-३० लिहिलंय एवढं पुरत नाही, मॅन्युअलमध्ये दिलेलं कंपनीचं मानक डब्याच्या मागे छापलेलं आहे का ते बघावं. शहरात छोट्या फेऱ्या असतील तर ऑइल लवकर बदलावं आणि महिन्यातून एकदा डिपस्टिक बघावी. पातळी वरच्या खुणेच्या पुढे गेली असेल तर ते वाट न बघता बदलावं.

गाडी चालता चालता बंद पडली आणि स्टार्टर नेहमीपेक्षा मोकळा, भरभर फिरतोय असं वाटलं, तर पुन्हा पुन्हा सेल्फ मारू नये आणि कुणी कितीही आग्रह केला तरी धक्का मारून सुरू करायचा प्रयत्न करू नये. बेल्ट नुसता सरकला असेल तर वाचण्याची थोडीफार शक्यता असते. प्रत्येक जास्तीच्या फेऱ्याला पिस्टन आणखी एखाद्या वॉल्व्हपर्यंत पोचतो. गाडी न्यूट्रलमध्ये टाकून टो करून न्यावी आणि गॅरेजमध्ये आधी झाकण उघडून बेल्ट बघायला सांगावा.